जळकं ऑइल डिझेलच्या टाकीत ओतताय? आधी हे वाचा

मंडळी, इंजिन ऑइलच्या नव्या बादलीवर बारीक अक्षरात पत्ता छापलेला असतो, तो कधी वाचलाय? बऱ्याचदा तिथे सिल्वासा लिहिलेलं असतं. आपलं सेलवास. कॅस्ट्रॉल, गल्फ, इंडियन ऑइल यांचे ऑइल मिसळून भरायचे कारखाने इथे आहेत. हे ऑइल बोटीत जातं, काम करतं, काळं होऊन बाहेर पडतं. प्रश्न त्या काळ्या ऑइलचा आहे.

बंदीच्या दिवसांत बोट वर ओढली की ऑइल बदललं जातं. काळं ऑइल कॅनमध्ये तसंच पडून राहतं. मग पहिल्या फेरीला डिझेल भरताना कोणीतरी म्हणतंच, "फुकट का घालवायचं, कापडातून गाळ आणि टाक टाकीत." डिझेलचा खर्च बघता ते मनात येणारच, त्यात नवल नाही. पण हिशोब करून बघू. समजा १५ लिटर काळं ऑइल निघालं आणि डिझेल ९० रुपये लिटर. वाचले १,३५० रुपये. तेच ऑइल रीतसर विकलं असतं तर जे पैसे आले असते, ते यातून वजा करा. बाकी जे उरतं, त्यासाठी सहा नोझल आणि पंप पणाला लावायचे. नोझल सेट आणि पंप कॅलिब्रेशनचा दर तुमच्या मिस्त्रीला विचारा, आम्ही सांगायला नको.

कापडाने गाळून काय होतं? कचरा अडतो, एवढंच. इंजिन झिजून आलेले धातूचे बारीक कण आणि काजळी कापडातून सरळ खाली जाते. फ्युएल पंपाच्या आतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. शिवाय ऑइल बनवताना घातलेलं कॅल्शियम आणि झिंक त्यात विरघळलेलं असतं, ते कुठल्याच फिल्टरला अडत नाही. जळल्यावर त्याची राख होते आणि ती व्हॉल्व्हवर, पिस्टनच्या रिंगांत बसते. रिंगा चिकटल्या की कॉम्प्रेशन गेलं. त्यात इंजिन ऑइल डिझेलपेक्षा वीस पटींहून जास्त घट्ट. नोझलचा फवारा जाड होतो, नीट जळत नाही. धुराड्यातून काळा धूर दिसतो तो अर्धवट जळलेल्या पैशाचाच.

पण बोटवाल्यांसाठी खरा धोका वेगळा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या टाकीत पाणी उतरतंच. साध्या डिझेलमध्ये ते तळाला बसतं आणि सेपरेटरच्या वाटीतून सोडून देता येतं. इंजिन ऑइलमध्ये मात्र साबणासारखं औषध असतं. घाण तरंगत ठेवणं हेच त्याचं काम. ते डिझेलमध्ये गेलं की पाण्याचे बारीक थेंबही तरंगत ठेवतं. सेपरेटरची वाटी कोरडी दिसते, तांडेल निर्धास्त राहतो, आणि खारं पाणी थेट पंपात जातं. मशीन बंद पडतं ते बंदरात नाही, जाळं पाण्यात असताना.

"मोठी जहाजं तर डांबरासारखं तेल जाळतात," असंही ऐकायला मिळतं. खरं आहे. पण त्यांच्याकडे तेल तापवायला हीटर आणि साफ करायला प्युरिफायर असतो. तरीही जहाजांच्या इंधनाच्या आयएसओ ८२१७ या मानकात वापरलेलं ऑइल चालत नाही. किलोमागे कॅल्शियम ३० मिलिग्रॅमच्या वर आणि त्यासोबत झिंक १५ च्या वर सापडलं, तर भेसळ धरतात. आपल्याकडच्या नेहमीच्या ऑइलमध्ये कॅल्शियम दोन हजारांच्या आसपास आणि झिंक हजाराच्या वर असतं. म्हणजे २०० लिटरच्या बॅरलमध्ये चार लिटर टाकलं तरी आपलं डिझेल नापास.

"आताचं डिझेल कोरडं आहे, थोडं ऑइल लागतंच" हा दुसरा समज. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंतच असतं, त्यामुळे वंगणपणा कमी होतो हे बरोबर. पण तो भरून काढायचं औषध कंपनीच घालते आणि मानकात त्याची वेगळी चाचणी आहे. वडिलांच्या जुन्या मशीनला चालायचं म्हणता? चालायचं, कारण त्या मशीनचा दाब कमी होता. नोझलही वरचेवर साफ व्हायचे, ते आपण विसरतो.

मग कॅनचं काय करायचं? पाण्यात तर अजिबात ओतू नका. मधुबन जलाशयातलं पाणी दमणगंगेने दमणच्या समुद्रातच येतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे आणि ते परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं असतं. १५ लिटरसाठी कोणी गाडी पाठवणार नाही, म्हणून सगळ्या बोटींनी मिळून बंदरावर झाकणाचा एकच ड्रम ठेवावा. त्यात रॉकेल, कूलंट, पाणी मिसळू नका, नाहीतर घेणारा नाकारतो.

आणि ज्यांनी आधीच ओतलंय त्यांनी त्यावर डिझेल भरून पातळ करत बसू नका. टाकी उपसा, तळ पुसा, दोन्ही फिल्टर बदला आणि बंदराजवळच तासभर मशीन चालवून बघा. बदललेला फिल्टर फेकण्याआधी कापून मिस्त्रीला दाखवा.