पाहिलेल्या ‘सोर्स कोड’ची जोखीम

दुसऱ्याच्या मालकीच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड वाचून तसेच सॉफ्टवेअर नव्याने लिहिणे कायद्याच्या दृष्टीने जोखमीचे असते. कॉपीराइट कल्पनेला नव्हे, तर तिच्या मांडणीला संरक्षण देतो. त्यामुळे तेच काम करणारा प्रोग्राम स्वतंत्रपणे लिहिण्यास मज्जाव नाही. मात्र मूळ कोड पाहिलेला असेल आणि दोन्हींत साम्य आढळले, तर नक्कल केल्याचा आरोप खोडून काढणे कठीण जाते.

आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पीसीच्या ‘बायोस’ या मूलभूत प्रोग्रामचा कोड तांत्रिक पुस्तिकेत छापला. तो वाचण्यास खुला होता, उतरवून घेण्यास नव्हे. १९८४ मध्ये नकलेच्या आरोपावरून कोरोना व ईगल या कंपन्यांना आयबीएमशी तडजोड करावी लागली.

फिनिक्स कंपनीने निराळा मार्ग निवडला. एका गटाने मूळ बायोस अभ्यासून तो काय करतो, एवढेच लिहून दिले. मूळ कोड कधीही न पाहिलेल्या प्रोग्रामरने त्यावरून नवा बायोस लिहिला. १९८४ मध्ये आलेला हा बायोस अनेक उत्पादकांनी घेतला आणि आयबीएमशी सुसंगत संगणकांची बाजारपेठ विस्तारली. ‘क्लीन रूम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत कोड न पाहणे हाच बचावाचा भक्कम आधार ठरतो.