जुनी रायफल बिघडल्यास काय करावे?

शेतकरी बंधूंनो, पीकरक्षणासाठी परवान्यावर घेतलेली जुनी .३१५ स्पोर्टिंग रायफल बिघडली तर ती गावच्या लोहाराकडे नेऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो.

बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. काडतूस उशिराही पेटते. नंतरच बोल्ट उघडून काडतूस काढावे. बोल्ट कानशीने घासू नये वा दुसऱ्या रायफलीचा बसवू नये. बोल्ट व काडतूस यांत जादा फट राहिल्यास काडतुसाचे कवच फाटून तप्त वायू तोंडावर येतो.

ही रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील सरकारी रायफल कारखान्याची असते. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कारखाना 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीकडे आहे. रायफलीचा क्रमांक, नेमका दोष आणि परवान्याची प्रत जोडून कारखान्यास पत्र लिहावे. लेखी उत्तर येईपर्यंत रायफल पाठवू नये. परवान्याची हद्द राज्यापुरतीच असल्यास जिल्हादंडाधिकारी कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. दुरुस्तीनंतर रायफलीवरील क्रमांक परवान्याशी ताडून पाहावा. तोवर रायफल रिकामी करून कुलपात ठेवावी.