टी'प्रिंगचं गणित : स्टार ट्रेकमधलं ठरवून केलेलं लग्न आणि स्थिर जुळणी

पीएचडी कशात करतेस, असं कुणी विचारलं की मी "जुळणीचा सिद्धांत" असं सांगते. गावाकडच्या एका कार्यक्रमात हे ऐकून शेजारच्या काकूंनी लगेच त्यांच्या भाच्याची पत्रिका पाठवू का, असं विचारलं होतं. त्यांची काही चूक नव्हती. माझ्या विषयातल्या सगळ्यात गाजलेल्या लेखाच्या शीर्षकातच लग्न आहे. पण आम्ही पत्रिका जुळवत नाही. दोन बाजू आहेत आणि प्रत्येकाला आवडनिवड आहे, तर कुणाला कुणाशी जोडावं म्हणजे नंतर कुणी पळून जाणार नाही, या प्रश्नाचा आम्ही अभ्यास करतो.

हे समजावून सांगायला मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण एका विज्ञान-मालिकेत आहे. मूळ 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, 'अमोक टाइम'. १५ सप्टेंबर १९६७ रोजी तो अमेरिकेत दाखवला गेला. लेखक थिओडोर स्टर्जन. व्हल्कन लोकांचा तो बोटं मधोमध फाकवून केलेला नमस्कार पहिल्यांदा याच भागात दिसला. आपल्याला मात्र आज वधूशी काम आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. स्पॉक हा अर्धा व्हल्कन, अर्धा माणूस. व्हल्कन लोक भावना बाजूला ठेवून तर्काने जगतात, पण त्यांच्यात 'पॉन फार' नावाचा एक काळ येतो. तेव्हा शरीर तर्काचं ऐकत नाही. लग्न झालं नाही तर जीव जाऊ शकतो. स्पॉकची वेळ येते आणि कॅप्टन कर्क वरिष्ठांचा हुकूम मोडून यान व्हल्कनकडे वळवतो. तिथे स्पॉकची वाग्दत्त वधू आहे, टी'प्रिंग. दोघं सात वर्षांची असताना आईवडिलांनी हे ठरवलेलं.

मंडपात (दगडांचं मोकळं रिंगणच ते, पण आपण मंडप म्हणू) टी'प्रिंग सगळ्यांसमोर विधी थांबवते आणि 'काल-इफ-फी' मागते. म्हणजे आव्हान. तिच्यासाठी कुणीतरी नवऱ्या मुलाशी लढायचं, तेही मरेपर्यंत, आणि मग ती जिंकणाऱ्याची मालमत्ता. तिचा खरा जिवलग स्टॉन तिथेच उभा आहे. पण ती बोट दाखवते कर्ककडे.

आता ही गोष्ट बाजूला ठेवून जरा गणिताकडे येऊ.

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नाची स्थिरता यांवर एक छोटासा लेख लिहिला. प्रश्न असा : दहा मुलं आणि दहा मुली आहेत. प्रत्येकाने समोरच्या दहाजणांना पसंतीचा क्रम दिलाय. जोड्या लावायचे एकूण प्रकार किती? ३६,२८,८००. यातली 'चांगली' जुळणी कुठली?

त्यांनी 'चांगली'ची व्याख्या फार साधी केली. सगळे खूश हवेत, असा आग्रह धरला नाही. ते बहुतेक वेळा शक्यच नसतं. अट एवढीच की, अशी एकही मुलगा-मुलगी जोडी सापडता कामा नये, जिच्यातले दोघंही आपापल्या जोडीदारापेक्षा एकमेकांना जास्त पसंत करतात. अशी जोडी सापडली तर ती आज ना उद्या लग्न मोडणार. तिला आपण 'मोडणारी जोडी' म्हणू. अशी जोडी नसेल तर जुळणी 'स्थिर'.

आणि मग त्यांनी रीतही दिली. एका बाजूने मागणी घालायची, प्रत्येकाने आपल्या यादीतल्या पहिल्या नावाला. समोरच्या बाजूने आलेल्या मागण्यांपैकी सगळ्यात आवडती 'हातात धरून ठेवायची', बाकीच्यांना नकार. धरून ठेवणं म्हणजे होकार नव्हे. पुढच्या फेरीत याहून चांगली मागणी आली तर आधीची सोडून द्यायची मोकळीक आहे. नकार मिळालेले आपल्या यादीतल्या पुढच्या नावाकडे जातात. असं करत करत नकार थांबले की संपलं. दहा-दहाच्या गटात जास्तीत जास्त शंभर मागण्यांत काम होतं, आणि शेवटी जी जुळणी उरते ती स्थिर असतेच असते. याच कामातून वाढलेल्या विषयासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्यापैकी कुणी २०१५ नंतर आयआयटी किंवा एनआयटीत प्रवेश घेतला असेल, तर तुमची जागाही याच घराण्यातल्या पद्धतीने ठरलीय.

आता ही रीत व्हल्कनवर चालवून बघा. टी'प्रिंगला स्टॉन आधी, स्पॉक नंतर. स्टॉनला टी'प्रिंग हवी. पॉन फारमधल्या स्पॉकलाही तीच हवी. दोघंही मागणी घालतात. टी'प्रिंग स्टॉनला धरून ठेवते, स्पॉकला नकार देते. संपलं. एका फेरीत, एकही थेंब रक्त न सांडता. (स्पॉकसाठी दुसरी मुलगी शोधायला लागली असती हे खरं, पण ते सात वर्षांपूर्वी का होईना, कुणालातरी कळलं असतं!)

मग मालिकेत एवढं रामायण का घडतं? माझ्या मते दोन कारणं, आणि आईवडिलांनी लग्न ठरवलं हे त्यातलं एकही नाही.

पहिलं कारण, यादी कधी लिहिली गेली. गेल-शॅप्लीची रीत माणसांच्या पसंतीवर चालते. सात वर्षांच्या मुलीला याबाबतीत पसंतीच नसते, म्हणून यादी दुसऱ्यांनी भरली. एकवेळ तेही चालेल. पण मग ती गोठवून ठेवली. मधल्या वर्षांत टी'प्रिंग मोठी झाली, तिला स्टॉन भेटला, स्पॉकचं नाव सगळीकडे इतकं गाजलं की अशा दंतकथेची बायको होऊन राहायची तिला इच्छा उरली नाही. यादी मात्र तीच जुनी. जुन्या माहितीवर लावलेली जुळणी कागदावर कितीही सुबक असली तरी तिच्यात एक मोडणारी जोडी तयार होऊन बसली होती.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. 'नाही' म्हणायची किंमत. टी'प्रिंग नंतर स्पॉकला सांगते की, कायद्याने तिला सुटायचा एकच रस्ता होता, काल-इफ-फी. म्हणजे नकार आहे, पण कुणाच्या तरी जिवाच्या बदल्यात.

हे नियम डोळ्यांसमोर ठेवून तिने काय केलं ते बघा. तिच्यापुढे लढवय्ये दोन, स्टॉन आणि कर्क. निकालही दोन.

समजा स्पॉक हरला. स्टॉन लढला असेल तर तिला स्टॉन मिळतो. कर्क लढला असेल तर कर्कला ती नकोच आहे, म्हणून पुन्हा स्टॉनच.

समजा स्पॉक जिंकला. स्टॉन लढला असेल तर स्टॉन मेला, खेळ खलास. कर्क लढला असेल तर स्टॉन जिवंत आहे. भर मंडपात आव्हान देणाऱ्या बायकोला स्पॉक सोडून देणार, म्हणजे स्टॉन मिळाला. आणि नाहीच सोडलं तरी स्पॉक दूर निघून जाणार. त्याचं नाव आणि मालमत्ता तिच्याकडे, आणि स्टॉन आहेच.

दोन्ही निकालांत कर्कला निवडणं स्टॉनला निवडण्याइतकंच चांगलं किंवा जास्त चांगलं. गेम थिअरीत याला वरचढ डाव म्हणतात. समोरचा काय करेल, कोण जिंकेल, याचा अंदाजसुद्धा बांधायची गरज नाही. हे ऐकून स्पॉकही तिच्या तर्काला दाद देतो. मी एमएस्सीला असताना हा भाग पाहिला तेव्हा अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी तो पुन्हा पाहिला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. कारण या हिशोबात एक रकाना रिकामा आहे, कर्कचा. त्याने आव्हान स्वीकारलं ते स्पॉकला वाचवायला. लढाई मरेपर्यंत आहे हे त्याला होकार दिल्यावर कळतं. डॉक्टर मकॉयने गुपचूप टोचलेल्या औषधाने तो मेल्यासारखा पडला म्हणून वाचला. टी'प्रिंगच्या गणितात त्याच्या जिवाची किंमत शून्य धरलीय. तिला दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण नियम कुणी केले होते? ज्या व्यवस्थेत 'नाही'ची किंमत इतकी जबर असते, तिथे हुशार माणूस ती किंमत दुसऱ्याच्या खिशातून भरायची सोय बघतो. गणित त्याला तेच सांगतं.

याच विश्वातली दुसरी गोष्ट 'एंटरप्राइज' मालिकेत आहे. टी'पोल ही व्हल्कन अधिकारी. लहानपणीच कॉसशी ठरलेली. आधी ती लग्न टाळून यानावर राहते. मग २००४ मध्ये आलेल्या 'होम' या भागात ती घरी जाते तर आईची, टी'लेसची, नोकरी गेलेली. कॉसच्या घराण्याचं वजन आहे. लग्न केलं तर आईला पद परत मिळू शकतं. टी'पोल लग्न करते. इथे तलवार नाही, आव्हान नाही, सगळे सभ्य आहेत. पण नकाराचं बिल आईच्या नावावर फाडलेलं आहे. पुढे आई गेल्यावर कॉस स्वतःच तिला मोकळं करतो. म्हणजे सुटका झाली ती त्याच्या चांगुलपणामुळे, नियमामुळे नाही.

आता हे इकडे जमिनीवर आणते. आमच्या घरी गेल्या वर्षी एक स्थळ आलं होतं. आत्याच्या ओळखीतलं. आई म्हणाली, "नुसतं भेटून घे गं, भेटायला काय पैसे पडतात?" भेटले. मुलगा चांगला होता, खरंच. दोनदा भेटलो. मग निरोप आला की रविवारपर्यंत काय ते कळवा, त्यांच्याकडे दुसरं स्थळही आहे. हातात धरून ठेवायची सोय नाही. अमेरिकेत १९५२ च्या आधी नव्या डॉक्टरांना हॉस्पिटलं अशाच मुदती घालत असत, आणि त्या काही तासांपर्यंत आल्या होत्या. त्यालाच कंटाळून त्यांनी मध्यवर्ती जुळणी सुरू केली. मला काही मध्यवर्ती जुळणी उपलब्ध नव्हती. मी नाही म्हटलं. फोन मात्र आत्याला करायला लागला, आणि त्या घराशी तिचं बोलणं बरेच महिने तुटक झालं. माझ्या नकाराचं बिल तिने भरलं. तिने मला एका शब्दाने ऐकवलं नाही, म्हणूनच ते जास्त लक्षात राहिलं.

माझ्या विषयात स्थिरतेची आणखी एक अट असते, जी मी वर मुद्दाम सांगितली नाही. गेल आणि शॅप्लींच्या कॉलेजच्या उदाहरणात विद्यार्थ्याला नको ती कॉलेजं यादीतून वगळायची मुभा होती. लग्नाच्या मॉडेलमध्येही पुढे ती आली. म्हणजे प्रत्येकाच्या यादीत आणखी एक नाव असतं, 'कुणीच नाही'. त्या नावाच्या खाली असलेल्या कुणाशीही तुम्हाला जोडलं तर ती जुळणी स्थिर मानत नाहीत, मग बाकी सगळं कितीही छान असो. बायोडेटाच्या तळाशी 'अपेक्षा' असा रकाना असतो ना, तिथे आपण शिक्षण, नोकरी, शहर लिहितो. हे नाव कुणी लिहीत नाही. टी'प्रिंगच्या यादीत तर ते लिहायची सोयच नव्हती. एकतर स्पॉक, नाहीतर जिंकणारा.

मॉडेल म्हणजे आयुष्य नव्हे, हे मला रोज लॅबमध्ये कुणीतरी ऐकवतंच. माणसांच्या पसंत्या भेटीनंतर बदलतात, माया लागते, माणसं जुळवून घेतात. ठरवून केलेली कितीतरी लग्नं सुखाची असतात. माझ्या आईवडिलांचं आहे. त्यामुळे 'ठरवून की प्रेमाने' हा वाद मला तितकासा कामाचा वाटत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत : यादी कुणी आणि कधी लिहिली? ती बदलता येते का? आणि 'नाही' म्हटलं तर बिल कुणाच्या नावावर येतं?

२०२२ मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या मालिकेत टी'प्रिंग परत आलीय. तिथे तिला स्वतःचं काम आहे, मतं आहेत, आणि स्पॉकशी रागावून, समजावून बोलायला वेळ आहे. मूळ मालिकेत ती फक्त त्या एका भागात दिसते आणि बराच वेळ गप्प असते. जमलं तर 'अमोक टाइम' पुन्हा बघा. या वेळी लढाईकडे न बघता कडेला उभ्या असलेल्या तिच्याकडे बघा.

पुढच्या वेळी किडनी अदलाबदलीबद्दल लिहीन. तिथेही जुळणीच आहे, फक्त पत्रिकेऐवजी रक्तगट बघतात. तोवर काही शंका असतील तर जरूर विचारा. स्थळं मात्र पाठवू नका.