आधी तोट्याची मर्यादा, मग नफ्याचे लक्ष्य

लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या कुटुंबांना नफ्याची मर्यादा शिकवावी लागत नाही. उलाढाल मोठी असली तरी पदरात पडणारी आडत थोडीच असते, हे त्यांना ठाऊक असते. २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. २०२४ च्या हंगामात तेच ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. चढ्या भावाची आशा किती महाग पडू शकते, हे या बाजारांनी जवळून पाहिले आहे.

मोबाइलवर शेअरची इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी पुरी होणारी खरेदी-विक्री करताना मात्र हा हिशेब विसरला जातो. ‘सेबी’ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये असे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. त्यांत तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण चार वर्षांत १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेले होते. वर्षात पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांपैकी तर ८० टक्के तोट्यात होते.

‘रोज हजार रुपये सुटले पाहिजेत’ हे लक्ष्य वरवर साधे वाटते. परंतु लाखाच्या भांडवलावर हजार म्हणजे रोज एक टक्का. वर्षातील सुमारे अडीचशे दिवस तो चक्रवाढीने मिळत राहिला, तर लाखाचे बारा लाख होतील! असा व्यापार मोंढ्यात कोणी सांगितला, तर त्याला कोणी उधारही देणार नाही. शिवाय दुपारपर्यंत हजार जमले नाहीत, की मनुष्य नको तो सौदा करून बसतो.

म्हणून आरंभ तोट्यापासून करावा. लाखाच्या भांडवलावर एका सौद्यात हजाराहून अधिक गमवायचे नाहीत, असे ठरवून तेथेच स्टॉपलॉस लावावा. नफ्याचे लक्ष्य दोन हजारांचे ठेवावे. दहांपैकी चार सौदे साधले व सहा चुकले, तर आठ हजार येतात, सहा हजार जातात. उरतात दोन हजार, आणि त्यातूनही दलाली व कर वजा होतात. लक्ष्य हजाराचेच असते, तर त्याच दहा सौद्यांत दोन हजार गेले असते. उलट ते पाच-सहा हजारांवर नेले, तर दिवसभराच्या चढउतारात तो भाव क्वचितच येतो आणि हाती आलेला नफाही निसटतो.

उसन्या बळाचाही मोह टाळावा. लाखाच्या जोरावर पाच लाखांचा सौदा केला आणि भाव दोन टक्के उतरला, की दहा हजार गेले. लाखाचे पन्नास हजार झाल्यावर मूळ पदावर येण्यास पन्नास नव्हे, शंभर टक्के नफा लागतो. म्हणून दिवसात दोन सौदे चुकले, की त्या दिवसापुरते दुकान बंद.

परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावक मर्यादा आधीच ठरवतो, मोह झाल्यावर नव्हे. हे आकडेही सकाळी सव्वानऊला बाजार उघडण्यापूर्वी वहीत लिहिलेले असावेत. घरखर्चाचा, शिक्षणाचा वा लग्नकार्याचा पैसा त्या वहीत मुळीच नसावा. आणि वर्षअखेर उरलेली रक्कम मुदत ठेवीच्या व्याजाशी ताडून पाहावी. ती कमी भरली, तर हे दुकान कायमचे आवरणे हाच शहाणपणाचा व्यापार होय.