मेंदूतल्या रक्ताचा वेग

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. जरीपटक्यातल्या माझ्या दवाखान्यातही येतात. परवा सहा वर्षांच्या 'एसएस' मुलाची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोराचं डोकं दुखत नाही, मग डोक्याची सोनोग्राफी कशाला?" प्रश्न रास्त होता.

जवळ येणाऱ्या इंजिनाची शिटी बारीक, दूर जाणाऱ्याची जाड ऐकू येते. यामागचे तत्त्व डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले. कानशिलावर ठेवलेले यंत्र ध्वनिलहरी सोडते. धावत्या रक्तपेशींवरून परतताना त्या बदलतात, त्यावरून संगणक रक्ताचा वेग काढतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोरात उडते. सिकलसेलमध्ये मेंदूची धमनी अरुंद होऊ लागली की रक्तही तसेच धावते, आणि मुलाला काहीच जाणवत नाही. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर वा अधिक भरला, तर पक्षाघाताचा धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास तो खूपच कमी होतो, हे १९९८ च्या अमेरिकन अभ्यासाने दाखवले. म्हणून दोन ते सोळा वर्षांच्या 'एसएस' मुलांची ही तपासणी दरवर्षी करावी. मात्र ताप असताना नको, आणि मूल जागे हवे. दोन्हींत आकडा फसवा येतो.

त्या मुलाचा वेग १८५ निघाला. १७० च्या आत असता तर वर्षभर निश्चिंती होती. आता तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. आईने जाताना तारीख कागदावर लिहून मागितली.