मार खाण्याची कला

आमच्या नगर जिल्ह्यांत गांवच्या यात्रेला कुस्त्यांचा हगामा भरतो. तेथें ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. मारामारीच्या विनोदी चित्रपटांत हा न्याय उलटा आहे. तेथें जो उत्तम रीतीनें पडतो, तोच जिंकतो. आज त्या पडणाऱ्याविषयीं दोन शब्द सांगावयाचे आहेत.

पडद्यावरील ठोसा बहुधा हनुवटीला लागतच नाहीं. तो थोड्या अंतरावरून निघून जातो. मधली पोकळी दिसूं नये अशा बाजूस कॅमेरा ठेवतात व आवाज मागाहून भरतात. ठोसा खरा वाटतो तो खाणाऱ्यामुळें. त्यानें नेमक्या क्षणीं मान फिरवावयाची, हनुवटी छातीशीं घेऊन खांद्यावर लोळण घ्यावयाची आणि उठतांना वेदनेऐवजीं फजिती दाखवावयाची. क्षणभर उशीर झाला तरी हंसूं मावळतें. हाँगकाँगच्या जॅकी चॅन यांनीं बाळपणीं चिनी संगीतनाटकाच्या शाळेंत हीच कसरत घोटली. १९७८ सालचा 'ड्रंकन मास्टर' हें तिचेंच फळ.

आपल्याकडे या मार्गावर फार पूर्वीं चाललेले कलावंत म्हणजे मास्टर भगवान. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ चा. वडील गिरणी कामगार. मूकपटांच्या काळांत ते पडद्यावर आले, १९३८ सालीं 'बहादुर किसान'च्या दिग्दर्शनांत सहभागी झाले आणि पुढें थोडक्या भांडवलावर मारधाडीचे कित्येक पट त्यांनीं काढले. १९५१ च्या 'अलबेला'नें त्यांस नाचणारा विनोदी नायक म्हणून कीर्ति दिली. त्यापूर्वींचीं वर्षें मारामारींतच गेलीं होतीं.

परंतु या कलेंत एका हाताचा अंदाज चुकला कीं काय होतें, हेंहि त्यांच्याच चरित्रांत दिसतें. १९४२ सालच्या 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणांत त्यांस ललिता पवार यांना चपराक मारावयाची होती. ती नको तितक्या जोरानें बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत कांहीं वर्षें गेलीं आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढें त्याच डोळ्याच्या कटाक्षानें त्यांनीं खाष्ट सासू अजरामर केली. तें कर्तृत्व त्यांचें, चपराकेचें नव्हे.

हें वाचलें तेव्हां मला माझीच एक चूक आठवली. शाळेच्या संमेलनांत मीं एक प्रहसन बसविलें होतें. चपराक हवेंत मारावयाची, असें तालमींत ठरलें होतें. प्रयोगाच्या रात्रीं ती गालावर बसली. सारें सभागृह हंसलें, मीहि हंसलों. मार खाणाऱ्या मुलानें एकहि वाक्य न चुकतां काम पुरें केलें आणि मग तो पडद्याआड रडत बसला. टाळ्या थांबेपर्यंत मी त्याच्याकडे गेलों नाहीं.

तेव्हां पडद्यावर कोणी धप्पकन् आपटला तर अवश्य हंसा. त्यासाठींच तो पडला आहे. मात्र शेवटीं नामावळी येते तेव्हां लगेच उठूं नका. मारणाऱ्याचें नांव आरंभीं येतें. पडणाऱ्याचें बहुधा अगदीं शेवटीं. तेंहि वाचीत जा.