परगावचा मुक्काम आणि वयाची अट

वैद्यकीय प्रवेशासाठी नीट परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. सतरा वर्षांच्या मुलाने परगावच्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी, हे आपल्या व्यवस्थेला मान्य आहे. आदल्या रात्री त्याने एकट्याने हॉटेलात मुतरायचे ठरविले, तर मात्र बहुतेक ठिकाणी त्याला दार बंद असते.

याचा सारा दोष हॉटेलमालकाच्या माथी मारणे योग्य नाही. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय १८ ठरविले आणि १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाला करार करता येत नाही. असा करार मुळातच निरर्थक होय, हा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात दिला. भाडे थकले तर मालकाने दाद कोणावर मागावी? शिवाय १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली हॉटेलात गैरप्रकार आढळल्यास परवान्यावरच गदा येऊ शकते. नकार दिल्याने एका रात्रीचे भाडे जाते. परवाना गेला तर धंदाच जातो. अशा हिशेबात नकार हाच सर्वांत स्वस्त विमा ठरतो.

परंतु याच करार कायद्याच्या कलम ६८ ने अज्ञानाला पुरविलेल्या जीवनावश्यक गोष्टींची भरपाई त्याच्या मालमत्तेतून मिळण्याची सोय ठेवली आहे. विद्यार्थ्याजवळ मालमत्ता कोठून असणार, हा प्रश्न उरतोच. त्यावर उपाय साधा आहे. पालकाने स्वतःच्या नावे खोली घ्यावी, भाडे आगाऊ भरावे, लेखी संमती व ओळखपत्राची प्रत द्यावी. मालकानेही ती स्वीकारावी.

अठरा पूर्ण झालेल्यांची गोष्ट निराळी. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ज्यांना मताधिकार दिला, त्यांनाही ‘एकट्याला खोली नाही’ असे ऐकावे लागते. मुलींना तर अधिकच. घटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान एवढ्याच कारणांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई आहे. वयाचा त्यात समावेश नाही, लिंगाचा आहे. तेव्हा सज्ञान मुलीला केवळ ती मुलगी आहे म्हणून परत पाठविणे हा खबरदारीचा नव्हे, घटनाभंगाचा प्रकार होय.

नीट परीक्षा बहुधा मे महिन्यात होते. त्या सुमारास पुष्कळ महाविद्यालयांच्या वसतिगृहांतील खोल्या सुटीमुळे रिकाम्या असतात. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने केंद्र ठरवितानाच त्यांतील काही खोल्या माफक दराने एका रात्रीपुरत्या उघडून दिल्या, तर नवी इमारत न बांधता हा प्रश्न बराचसा सुटेल. परीक्षेला बोलावणाऱ्याने निवाऱ्याचीही काळजी वाहावी, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही.